उलट्या पाळीची कुळकथा

झाशीच्या लक्ष्मी दरवाजाबाहेर, नेवाळकरांच्या कुलस्वामिनी महालक्ष्मीचे देऊळ आणि गंगाधररावांची छत्री ज्याच्या सान्निध्यात उभी आहे, त्या लक्ष्मी तालाच्या काठी सायंकाळी मुलांचे डाव मांडले जातात. आणि तेथे भिडू वाटून घेण्याची जी रीत माझ्या दृष्टीस पडली, तिनेच मला अमेरिकन फुटबॉलमधील ‘ड्राफ्ट’ नावाच्या प्रथेच्या मुळाशी नेले, हे वाचकांस प्रथमदर्शनी दुरान्वयाचे वाटेल. रीत अशी. दोन नायक वेगळे होतात. उरलेली मुले आपापल्या तोलाचा जोडीदार हेरून दोघेदोघे दूर जातात, कानात कुजबुजून गुप्त नावे ठरवितात, आणि गळ्यात हात टाकून परत येऊन विचारतात, “चाँद लोगे या सूरज?” ज्याची पाळी असेल त्या नायकाने एक नाव उच्चारायचे, चंद्र कोण आणि सूर्य कोण हे त्याला ठाऊक नसते. कोणी पटाईत खेळाडू मुद्दाम लिंबूटिंबू जोडीदार घेऊन आला, तर सगळा घोळका “जोड़ी बराबर नहीं!” म्हणून कल्ला करतो आणि त्या जोडीला माघारी धाडतो. म्हणजे निवड होण्यापूर्वीच समतोलाची तजवीज झालेली असते. महाराष्ट्राच्या गल्लीबोळांतही हीच पद्धत गुप्त नावे बदलून चालत आलेली आहे.

आता अमेरिकेकडे वळू. तेथे फुटबॉलचे खरे माहेर म्हणजे महाविद्यालये. व्यावसायिक संघांची लीग १९२० साली स्थापन झाली तरी पुढील दीड दशकात प्रेक्षकांची गर्दी आणि वृत्तपत्रांचे रकाने विद्यापीठांच्या सामन्यांकडेच होते. पदवी घेऊन बाहेर पडणारा नामांकित खेळाडू जो अधिक तनखा देईल त्याच्या पदरी रुजू होई, आणि त्यामुळे शिकागो, न्यूयॉर्क, ग्रीन बे यांसारखे बलाढ्य संघ अधिकच बलाढ्य होत जात. फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचा मालक बर्ट बेल, जो स्वतः पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून खेळलेला होता, त्याने मिनेसोटाच्या स्टॅन कोस्टका नावाच्या खेळाडूसाठी बोली चढवीत नेली आणि तरीही ब्रुकलिनच्या संघाने ५,००० डॉलरांत त्याला पटकाविले. या अनुभवानंतर १९३५च्या मे महिन्यात बेलने सर्व मालकांपुढे मसलत मांडली: महाविद्यालयांतून निघणाऱ्या खेळाडूंची एकच यादी करावी, संघांनी पाळीपाळीने नावे घ्यावीत, घेतलेल्या नावावर त्या संघाचाच हक्क मुक्रर व्हावा, आणि पाळीचा क्रम उलटा असावा, म्हणजे गतवर्षी जो तळाशी राहिला त्याने प्रथम निवड करावी. ही योजना एकमताने मंजूर झाली.

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील रिट्झ-कार्ल्टन हॉटेलात पहिली निवड झाली. हे हॉटेल बेल कुटुंबाच्याच मालकीचे होते. फळ्यावर ९० नावे लिहिलेली होती, ९ संघांनी ९ फेऱ्यांत ८१ नावे घेतली. शोधपथके, चाचण्या, चलच्चित्रे यांपैकी त्या काळी काहीही नव्हते. न्यूयॉर्कच्या मालकाचा तरुण पुत्र वेलिंग्टन मारा हा गावोगावची वृत्तपत्रे मागवून खेळाडूंची टिपणे काढीत असे, हीच त्या वेळची सर्वोत्तम दप्तरव्यवस्था म्हणावी लागेल. १९३५ साली २ विजय आणि ९ पराभव पदरी पडलेल्या बेलच्या संघाला पहिली पाळी मिळाली आणि त्याने शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचे नाव घेतले. पण बर्वँगर मागेल तेवढी रक्कम बेलला परवडेना. त्याने तो हक्क शिकागो बेअर्सच्या जॉर्ज हॅलसला देऊन टाकला. तेथेही सौदा फिसकटला, आणि ड्राफ्टमध्ये सर्वप्रथम निवडलेला खेळाडू व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही.

पुढचा इतिहास परिचित आहे: १९६० पासून प्रतिस्पर्धी लीगशी चढाओढ, १९६७ साली दोघांचा सामाईक ड्राफ्ट, नंतर न्यायालयातील मक्तेदारीविरोधी दावे, आणि आज ३२ संघांच्या ७ फेऱ्यांचा दूरचित्रवाणीवरील महोत्सव.

मात्र मूळ हेतूविषयी दोन पक्ष आहेत, आणि मला त्यांतच थांबावयाचे आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, दुर्बलांना उभे करण्याची ही उदार योजना होती. दुसरा पक्ष म्हणतो की, मालकांनी संगनमताने खेळाडूंचा तनखा दाबण्यासाठी रचलेला हा डाव होता, कारण एकदा हक्क एकाच संघाकडे गेला की खेळाडूला दुसरीकडे घासाघीस करण्याची सोय उरत नाही. कोस्टकाचे प्रकरण पाहता दुसऱ्या पक्षाचा पुरावा बळकट आहे, हे मी निःसंकोच मान्य करतो. पण तनखा दाबणे एवढाच उद्देश असता, तर पाळीचा क्रम चिठ्ठ्या टाकूनही ठरविता आला असता; सर्वांत दुबळ्याला सर्वप्रथम हात घालू देण्याचे कारणच नव्हते. एकाधिकाराच्या कलमाचा उलगडा पैशाने होतो, उलट्या पाळीचा होत नाही. माझे अनुमान असे की, या दोन कलमांची सांगड हेच एकमताचे रहस्य होते: श्रीमंत मालकांना खर्चाची कपात दिसली, गरिबांना पहिली पाळी दिसली. आणि उलट्या पाळीमागची जाणीव तीच आहे, जी तालाकाठच्या पोरांना उपजत आहे: विषम संघांचा सामना खेळण्यात आणि पाहण्यात कोणालाच गोडी वाटत नाही. पोरे जोड जुळवून समता साधतात, बेलने ती क्रमाने साधली.

आपल्याकडे ही प्रथा का उपजली नाही, याचे उत्तरही झाशीतच मिळते. येथील ध्यानचंद यांना घडविले ते पलटणीने. १९२२ साली ते लष्करात भरती झाले आणि हॉकी तेथेच शिकले. त्यांचे बंधू रूपसिंह ग्वाल्हेरला शिंद्यांच्या सेवेत गेले. १९३३च्या बेटन चषकाच्या अंतिम सामन्यात झाशी हीरोज संघाने ज्याला हरविले, तो कलकत्ता कस्टम्स म्हणजे जकात खात्याचा संघ. जवळच्या दतिया संस्थानाने गामा पैलवानाला पदरी ठेवले, आणि कोल्हापुरास शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय देऊन १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले. संस्थान, पलटण, खाते यांच्याकडे खेळाडू नोकरीच्या वाटेने जात असे; महाविद्यालय हे त्या वाटेवरचे ठाणे नव्हते, आणि आश्रयदात्यांनी एकत्र बसून आपसांत पाळ्या ठरविण्याचा प्रसंगही नव्हता.

तो प्रसंग क्रिकेटने आणला. २००८ साली, एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघातील मुलांसाठी आयपीएलने लिलावाऐवजी ड्राफ्ट ठेवला. दिल्लीची पहिली पाळी होती, तिने प्रदीप सांगवान हा गोलंदाज घेतला, आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरकडे गेला. पण माझ्या दृष्टीने अधिक विचारणीय प्रकरण आहे पुण्याचे. चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाल्यावर त्यांच्या जागी दोन तात्पुरते संघ घ्यावयाचे ठरले, आणि ८ डिसेंबर २०१५ रोजी त्यांच्यासाठी उलटी बोली झाली: क्रिकेट मंडळाकडून जो कमीत कमी रक्कम मागेल त्याला संघ. पुण्यासाठी बोली आली उणे १६ कोटींची, राजकोटसाठी उणे १० कोटींची. म्हणजे दोघांनीही घेण्याऐवजी मंडळालाच वर्षाकाठी पैसे देऊ केले. ज्याची बोली नीचतम त्याला निलंबित संघांच्या खेळाडूंच्या ड्राफ्टची पहिली पाळी, असा नियम असल्याने १५ डिसेंबरला मुंबईत पुण्याने प्रथम महेंद्रसिंह धोनीला १२.५ कोटींत घेतले आणि राजकोटच्या गुजरात संघाने सुरेश रैनाला. पुण्याची दुसरी निवड होती अहमदनगर जिल्ह्यात जन्मलेला आपला अजिंक्य रहाणे.

बेलच्या नियमाचा सांगाडा येथे उतरला, प्राण मात्र उतरला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. फिलाडेल्फियाला पहिली पाळी मिळाली ती पराभवाच्या बळावर. पुण्याला मिळाली ती सर्वांत अधिक पैसा मोजण्याची तयारी दाखविल्यामुळे. उलटी बोली म्हणून जी दिसत होती ती वस्तुतः सुलटी होती. २०१६च्या साखळीत गुणतक्त्याच्या शिखरावर राहिला तो दुसऱ्या पाळीचा गुजरात, आणि पहिल्या पाळीचे पुणे आठांत सातवे आले. पुढच्या वर्षी स्टीव्ह स्मिथच्या नेतृत्वाखाली पुणे अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि मुंबईकडून एका धावेने हरले. त्यानंतर दोन्ही संघ विसर्जित झाले, आणि २०१८ साली परतलेल्या चेन्नईने धोनीला कोणत्याही पाळीविना आपल्याकडे राखून घेतले.