राखीव आउटबोर्ड एंजिन
लहान नौकेचे मुख्य एंजिन बंद पडल्यास तिला किनारा गाठता यावा म्हणून ट्रान्समवर, म्हणजे नौकेच्या मागच्या उभ्या फळीवर, बसविलेले कमी शक्तीचे दुय्यम एंजिन. पाच-सहा मीटर लांबीच्या नौकेला बहुधा ४ ते १० अश्वशक्ती पुरते. वेगापेक्षा वारा व प्रवाह यांविरुद्ध टिकणारा रेटा महत्त्वाचा असल्याने मोठ्या व्यासाचा, पण एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा पंखा सोयीचा ठरतो. दांड्याची लांबी (आखूड सु. ३८ सेंमी., लांब सु. ५१ सेंमी.) ट्रान्समच्या किंवा वर-खाली होणाऱ्या ब्रॅकेटच्या उंचीशी जुळावी लागते, अन्यथा पंखा हवा ओढून नुसताच फिरतो. मुख्य टाकीतील पाणीमिश्रित इंधनाने दोन्ही एंजिने बंद पडू नयेत म्हणून टाकी स्वतंत्र ठेवतात आणि कंपनांमुळे पकडीचे स्क्रू सैल होत असल्याने एंजिन साखळीनेही बांधतात.