इनकमिंग फुकट होण्याआधी

१९९४च्या दूरसंचार धोरणानं मोबाइलसह दूरसंचाराचं दार खासगी कंपन्यांना उघडलं. पण परवाने दिले कसे? महानगरं सोडली, तर जो जास्त शुल्क कबूल करील त्याला. आता हे शुल्क शेवटी भरणार कोण? आपणच की. मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर, आणि आलेला फोन उचलला तरी मीटर चालू! नंबर बघून फोन कापायचा आणि लँडलाइन शोधायची, हे आपण सगळ्यांनी केलंय. एका सर्कलमध्ये कंपन्या दोनच. याला स्पर्धा म्हणायचं म्हणजे धाडसच.

१९९७मध्ये ट्राय आली. १९९९च्या धोरणानं ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरवलं. सरकारी तिजोरी कंपन्यांना वाटली, अशी ओरड झाली. ती अगदीच खोटी नव्हती. तरी आम्हाला खरी कलाटणी इथंच दिसते. शिवाय सरकारनं आपल्याच कंपन्या मैदानात उतरवल्या. मुंबई-दिल्लीत एमटीएनएल, इतरत्र २००२मध्ये बीएसएनएल. म्हणजे परवाना देणाराच शेजारी दुकान मांडून बसला! तत्त्व म्हणून हे आम्हाला आजही खटकतं. दर मात्र उतरले, आणि मे २००३पासून फोन उचलायला पैसे पडेनासे झाले.