हापूसची कुळकथा आणि फळाची पारख



आंबा आपल्याच मातीतला, पण हापूस हा कलमाचा वंश. सोळाव्या शतकात गोवा पोर्तुगीजांकडे गेला. त्यांच्या अमलात निवडक झाडांवर कलमे बांधण्याचा प्रघात वाढला. त्यांच्या अफोन्सो या नावाचाच पुढे ‘हापूस’ झाला, आणि कलम कोकणभर पसरले. हापूसची कोय पेरली तर फळ आईसारखे येईलच असे नाही. कलमाने मात्र तोच गुण उतरतो.

पण दोषही उतरतो. तो म्हणजे साका. फळ वरून देखणे, आत गर पांढरट नि आंबट. एकदा फसलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही! म्हणून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने दक्षिणेकडील नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये साका नसलेली ‘रत्ना’ जात दिली.

तुमची बाग हापूसचीच असेल तर पाडाची वाट पाहू नका. झाडावर जास्त पिकू दिले की साका वाढतो. खांदे भरले, देठाशी खळगा पडला, म्हणजे फळ चौदा आणे तयार. झेल्याने देठासकट उतरवा, लगेच सावलीत न्या, पेंढ्यात पिकवा. कार्बाइडला कायद्यानेच बंदी आहे. कलमाने गुण दिला. तो गिऱ्हाइकापर्यंत पोचवणे आपल्या हाती.