गाऊट : दुखणं थांबलं म्हणजे आजार गेला असं नाही

नमाजमध्ये अत्तहियातला बसताना उजव्या पायाचा अंगठा मुडपावा लागतो. गाऊटच्या माणसाला तेच जमत नाही. रात्री बरा झोपलेला माणूस पहाटे उठतो, तर अंगठ्याचा सांधा लाल, गरम, सुजलेला. चादर लागली तरी कळ जाते. पावणे एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आमच्या ओळखीच्या घरांत आम्ही हे पाहिलं आहे. बहुतेक ठिकाणी गोष्ट एकच : मेडिकलमधून दुखण्याची गोळी, चार दिवसांत आराम, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच.

आजार काय आहे?

उर्दूत याला नक्रिस म्हणतात, आयुर्वेदात वातरक्त. रक्तातलं युरिक ॲसिड साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिलं, की त्याचे सुईसारखे खडे सांध्यात जमू लागतात. पुरुषांत हा आजार जास्त. बायकांना बहुधा पाळी गेल्यानंतर होतो. किडनीचा विकार, वाढलेलं वजन, बीपीच्या काही गोळ्या यांनीही युरिक ॲसिड वाढतं. मात्र बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नये. ऐन झटक्यात रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. सांध्याच्या सुजेबरोबर ताप असेल तर जंतुसंसर्गही असू शकतो, लगेच डॉक्टर गाठावा.

झटका आला तर

कोल्चिसिन, सूज उतरवणारी वेदनाशामकं किंवा थोडे दिवस स्टेरॉइड, यांतलं काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. औषध जितकं लवकर, तितका गुण. किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर वेदनाशामक मनाने घेऊ नये. कपड्यात गुंडाळलेला बर्फ आणि आराम यांनी बरं वाटतं.

युनानीतलं सुरंजान आपल्या बुजुर्गांना ठाऊक आहे. कोल्चिसिन त्याच जातीच्या वनस्पतीतून मिळतं. म्हणूनच दोन्ही एकत्र घेणं धोक्याचं. जास्त झालं तर ते विष आहे. हकीमसाहेबांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही सगळी औषधं सांगा.

खरा इलाज

वारंवार झटके येत असतील, गाठी झाल्या असतील किंवा किडनीवर परिणाम असेल, तर युरिक ॲसिड कमी करणारं औषध लागतं. ॲलोप्युरिनॉल १९६० च्या दशकापासून वापरात आहे आणि महाग नाही. बहुधा रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसने सुरू करून तो हळूहळू वाढवतात. ध्येय एकच : युरिक ॲसिड ६ च्या खाली. सुरुवातीच्या महिन्यांत झटके येऊ शकतात, कारण जुने खडे विरघळत असतात. इथेच अनेकजण “गोळीनेच वाढलं” म्हणून औषध सोडतात. सोडू नये. अंगावर पुरळ उठलं तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. फेबुक्सोस्टॅट हा दुसरा पर्याय. हृदयविकार असेल तर आधी सांगावं.

दस्तरख्वान आणि रोजा

बकरी ईदला कलेजी, गुर्दा, भेजा टाळा. मटण थोडंच घ्या. कोळंबी, बांगडा बेताने. गोड सरबतं आणि कोल्ड्रिंक यांनीही युरिक ॲसिड वाढतं. डाळ आणि पालक बंद करण्याची सहसा गरज नसते, दूध-दही चालतं. पण नुसत्या पथ्याने आकडा फारसा उतरत नाही.

कारखान्यातल्या उष्णतेत घाम जातो, त्यामुळे पाणी भरपूर प्या. रमजानमध्ये इफ्तार ते सहरी पाण्याकडे लक्ष ठेवा. रोजची ॲलोप्युरिनॉल इफ्तारनंतर घेता येते, पण आधी डॉक्टरांना विचारा. आजारात रोजा पुढे ढकलण्याची सवलत दीनने दिलेलीच आहे. झटक्यात ती घेण्यात कमीपणा नाही.

कुठे जायचं?

पावण्याहून वाशीचं महापालिका रुग्णालय जवळ आहे. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर वाशीतच ईएसआयचं रुग्णालय आहे. जनऔषधी केंद्रात गोळ्या स्वस्त मिळतात का ते विचारा. जाताना जुने रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घेऊन जा. दुखणं थांबल्यावरही पुढची तारीख चुकवू नका.