बोलकी पुस्तकं: छापील अक्षर वाचता न येणाऱ्यांसाठी काय सोय आहे?

छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या ध्वनिरूप पुस्तकांना 'बोलकी पुस्तकं' म्हणतात. ही सोय फक्त अंधांसाठी आहे, असा अनेकांचा समज असतो. पण अल्पदृष्टी असलेले, डिस्लेक्सियामुळे वाचन जड जाणारे आणि शारीरिक अपंगत्वामुळे पुस्तक हातात धरता न येणारेही तिचे हक्काचे वाचक आहेत.

कायदा काय सांगतो? २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यामुळे अपंग वाचकांसाठी पुस्तकाची ध्वनी किंवा ब्रेल प्रत काढायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. मात्र अशी प्रत नफ्यासाठी विकता येत नाही. अशा प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्याची वाट २०१३ च्या माराकेश कराराने मोकळी केली. हा करार मंजूर करणारा भारत जगातला पहिला देश.

पुस्तकं कुठे मिळतात? २०१६ साली सुरू झालेलं 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. तिथे मराठीसह अनेक भारतीय भाषांतली पुस्तकं आहेत. नोंदणीसाठी अपंगत्वाचा पुरावा लागतो.

डेझी म्हणजे काय? साध्या रेकॉर्डिंगमध्ये हवं ते पान शोधताना जीव मेटाकुटीला येतो. डेझी पद्धतीच्या पुस्तकात थेट प्रकरणावर जाता येतं, खूण ठेवता येते, वेगही कमी-जास्त करता येतो. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला याचा मोठा उपयोग.

मराठीची अडचण संगणकाचा आवाज युनिकोडमधला मराठी मजकूर वाचतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दिली, की निरर्थक अक्षरं ऐकू येतात. पानांचे नुसते फोटो असलेली पीडीएफ तर आधी मजकुरात बदलावी लागते, आणि त्यात जोडाक्षरं चुकतात. म्हणून माणसाने वाचून रेकॉर्ड केलेल्या पुस्तकाची गरज अजून आहेच.

राज्याबाहेरच्या मराठी वाचकांचं काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अपंगत्वाचं प्रमाणपत्र देशभर चालतं. बेळगावच्या वाचकाकडे कर्नाटकातलं किंवा इंदूरच्या आजींकडे मध्य प्रदेशातलं प्रमाणपत्र असेल, तर महाराष्ट्रातलं वेगळं काढायची गरज नाही. पुस्तक कोणत्या भाषेत ऐकायचं, हे वाचकाने ठरवायचं. राज्याची हद्द त्याच्या आड येत नाही.