कशेडीच्या डोंगरात सोने सापडले, तर ते कोणाचे?

मुंबई-गोवा महामार्गावरील कशेडी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याला विहीर खणताना सोन्याचा अंश असलेला दगड सापडला, अशी कल्पना करू. सातबाऱ्यावर त्याचे नाव आहे, शेतसारा तोच भरतो. तेव्हा सोनेही त्याचेच, असे बहुतेकांना वाटेल. कायदा मात्र तसे मानत नाही.

प्रत्यक्षात असे घडण्याची शक्यता जवळजवळ नाही. महाड-पोलादपूरचे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे, म्हणजे काळ्या बेसाल्टचे आहेत. सोन्याच्या शिरा त्याहून कितीतरी जुन्या खडकांत आढळतात. महाराष्ट्रात सोन्याचे अंश मिळाले ते विदर्भात, नागपूर व भंडारा जिल्ह्यांत. तरीही हा प्रश्न निरर्थक नाही. सोन्याला लागू होणारे मालकीचे तत्त्वच घाटातील काळा दगड, मुरूम आणि सावित्रीच्या वाळूलाही लागू होते आणि त्यासाठी दंडाची नोटीस मात्र खरोखर येते.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ नुसार जमिनीच्या पृष्ठभागावर वा भूगर्भात, शेतात, नाल्यात, खाडीत किंवा नदीपात्रात कोठेही सापडणाऱ्या खनिजांवरील हक्क राज्य शासनाकडे राखून ठेवलेला आहे. खातेदाराची मालकी पृष्ठभागापुरती. खनिज काढताना त्याच्या पृष्ठभागावरील हक्काला बाधा आली, तर त्याला भरपाई मिळते. खनिजात वाटा मिळत नाही. केरळमधील मलबारच्या जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये भूगर्भावरील हक्क सामान्यतः जमीनमालकाचाच असतो, कायद्याने तो काढून घेतला असेल तरच नाही, असा निर्णय दिला होता. त्याचा हवाला आपल्याकडेही अनेकदा दिला जातो. परंतु महाराष्ट्रात कलम ४८ उभे आहे, हे विसरून चालत नाही.

सरकारी पडीक जमिनीवर खुंट्या ठोकून ‘ही खाण माझी’ असे सांगण्याची सोयही आपल्याकडे नाही. अमेरिकेत १८७२ चा खाण कायदा अजूनही लागू असून, तेथील खुल्या सार्वजनिक जमिनीवर मौल्यवान खनिज शोधणारा ठरावीक क्षेत्रावर दावा सांगू शकतो. भारतात खाण व खनिज (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ प्रमाणे परवाना वा पट्टा असल्याशिवाय शोध आणि उत्खनन दोन्ही बेकायदा ठरतात. आधी येणाऱ्याला प्राधान्य देण्याची जुनी पद्धत १२ जानेवारी २०१५ पासून बंद होऊन सोन्यासारख्या खनिजांचे पट्टे लिलावानेच, ५० वर्षांसाठी देण्याचे ठरले. २०२३ च्या दुरुस्तीने खोलवरच्या २९ खनिजांसाठी शोध परवाना आणला. त्यांत सोने आहे. पण हा परवानाही लिलावातूनच मिळतो. जमीन वनक्षेत्रात असेल, तर १९८० च्या वनसंरक्षण कायद्याखाली केंद्राची मान्यता वेगळी लागते.

येथे एक गल्लत टाळायला हवी. नांगराच्या फाळाला लागलेला मोहरांचा हंडा हे खनिज नव्हे. रायगड आणि प्रतापगड यांच्या मधल्या या मुलखात गुप्तधनाच्या कथांना तोटा नाही. त्यासाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ऐवजाची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. (दहा रुपयांची ही मर्यादा १८७८ मधली आहे!) ऐवज बेवारस ठरला आणि शोधणारा व जागेचा मालक यांच्यात वेगळा करार नसला, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. खबर दडवणारा आपला वाटा गमावतो. शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे पूर्वजांनी पुरलेल्या सोन्यात शेतकऱ्याला वाटा आहे, निसर्गाने पुरलेल्या सोन्यात नाही.

आता रोजच्या व्यवहाराकडे. दगड, मुरूम, जांभा, वाळू ही गौण खनिजे. त्यांचे नियम राज्य करते. सध्याचे नियम २०१३ चे आहेत. उत्खननासाठी परवानगी, प्रति ब्रास स्वामित्वधन आणि वाहतुकीचा पास आवश्यक असतो. फेब्रुवारी २०१२ मधील दीपककुमार प्रकरणाच्या निकालानंतर पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली. स्वामित्वधन हा कर नसून खनिजाच्या मालकाला दिलेला मोबदला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २५ जुलै २०२४ रोजी स्पष्ट केले.

शेतकऱ्यांची सर्वाधिक फसगत साध्या मातीत होते. बांधकामासाठी भराव वा सपाटीकरणास वापरलेली माती ३ फेब्रुवारी २००० च्या केंद्रीय अधिसूचनेने गौण खनिज ठरली. मात्र पायासाठी खणलेली माती त्याच भूखंडावर पुन्हा भरली, तर स्वामित्वधन आकारता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात दिला. तीच माती डंपरमध्ये भरून शेजारच्या गावात नेली, की प्रकरण बदलते. कलम ४८(७) खाली तहसीलदार खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाच पटीपर्यंत दंड करू शकतात आणि वाहनही अटकवू शकतात. ‘माती माझ्याच शेतातली’ हा बचाव तेथे टिकत नाही.

हे नियम जाचक वाटले, तरी या भागात डोंगर कापण्यावर लक्ष असणे आवश्यक आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव व जुई येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरडींनी वस्त्या गिळल्या. तळियेत ८० हून अधिक जण गेले. पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा केंद्राने ३१ जुलै २०२४ रोजी काढला. त्याच्या यादीत महाड व पोलादपूर तालुक्यांतील गावे आहेत. त्या गावांत नव्या खाणी, दगडखाणी व वाळू उपशावर बंदी आणि चालू खाणी पाच वर्षांत बंद करणे प्रस्तावित आहे.

घाटात जमीन घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. कशेडी ही रायगड-रत्नागिरीची सीमा. परवानगीचा अर्ज पोलादपूर तहसीलमध्ये करायचा की पलीकडे खेडला, हे गट क्रमांक कोणत्या गावच्या नकाशावर आहे त्यावर ठरते.