कर्झन रोड ते कस्तुरबा गांधी मार्ग : वर्गातील यंत्राचा अपुरा धडा

२०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती हे विषय शिकविण्याचा मनोदय केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यानिमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे : यंत्र वर्गात आल्याने शिक्षण सुधारते काय? आपल्या देशाने या प्रश्नाचे उत्तर एकदा नव्हे, अनेकदा शोधले आहे. ते शोध विसरून पुढे जाणे परवडणारे नाही.

दिल्लीत कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या एका रस्त्याची दोन नावे शिक्षणाच्या दोन कल्पनांची आठवण करून देतात. आजचा कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड होता. लॉर्ड कर्झन यांनी १९०१ मध्ये सिमल्यास शिक्षण परिषद भरविली. त्यांच्या सरकारच्या १९०४ च्या ठरावात भारतीय शाळा मुलांच्या बुद्धीपेक्षा स्मरणशक्तीलाच अधिक राबवितात आणि परीक्षेचे स्तोम माजले आहे, अशी कबुली होती. निदान अचूक होते. उपाय मात्र मुख्यतः नियंत्रण आणि तपासणी यांचा होता.

कस्तुरबांना शाळेचे औपचारिक शिक्षण मिळाले नव्हते. पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील कैदेत, वयाची सत्तरी ओलांडल्यावरही, गांधीजी त्यांना भूगोलाचे धडे देत. तेथेच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्यास भरलेल्या परिषदेतून 'नई तालीम'ची कल्पना पुढे आली होती. तिच्या केंद्रस्थानी हस्तोद्योग होता. टकळीवर सूत काततानाच मुलाने गणित, कापसाचा भूगोल आणि कापडाचा इतिहास शिकावा, अशी ती योजना. टकळी हेही एक साधनच. तिची कसोटी एवढीच होती, की ती हाती असताना मूल विचार करते की नुसते हात चालविते.

स्वातंत्र्यानंतर साधने बदलली. १९६१ मध्ये दिल्लीच्या माध्यमिक शाळांत आकाशवाणीने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने दूरचित्रवाणीचे पाठ सुरू केले. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात 'साइट' प्रयोगाद्वारे एका अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले. त्यांत शाळकरी मुलांसाठीही पाठ होते. अंतराळ तंत्रज्ञानाच्या दृष्टीने हे यश मोठे होते. परंतु पडद्याला प्रश्न विचारता येत नाही, आणि समोरच्या मुलाला कितपत समजले हे पडद्याला कळत नाही.

१९८४ मध्ये 'क्लास' नावाचा प्रकल्प आला. सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक बसविण्यात आले. त्यांची स्मृती ३२ किलोबाइट एवढीच होती. पुढे ही योजना आणखी शाळांत विस्तारली. परंतु शाळेमागे यंत्रे मोजकी, आज्ञावल्या बहुतांशी इंग्रजी आणि शिक्षकाची तयारी अपुरी. मुले संगणकाविषयी शिकली. संगणकाद्वारे विषय शिकणे दूरच राहिले.

यापुढील टप्प्यात मोजमाप आले. २००० मध्ये गुजरात सरकारने वडोदऱ्याच्या शंभर सरकारी प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. मुलांच्या हाती ते क्वचितच पडले. मग मुंबईत जन्मलेल्या 'प्रथम' संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास गणिताचे खेळ खेळायला दिले. खेळ मुलाच्या पातळीनुसार अवघड होत जात. दुसऱ्या वर्षी मुलांचे गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. शैक्षणिक प्रयोगांत ही वाढ मोठी मानली जाते. मात्र कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात बहुतेक लाभ ओसरला. गुजरातेतीलच दुसऱ्या एका प्रयोगात शाळेच्या वेळेनंतर संगणक वापरल्यास मुलांची प्रगती झाली. तोच संगणक शिक्षकाच्या तासाच्या जागी वापरल्यावर गुण घसरले. पेरू देशात मुलांना लॅपटॉप वाटले गेले. ३१९ शाळांच्या २०१२ च्या अभ्यासात गणित आणि भाषेत सुधारणा आढळली नाही.

दिल्लीतील प्रयोगाचे वेगळेपण येथेच उमगते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६१९ विद्यार्थ्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांना शाळेनंतरच्या केंद्रांत 'माइंडस्पार्क' ही आज्ञावली वापरता आली. सोबत लहान गटांत शिकविणारे मार्गदर्शकही होते. अभ्यासाच्या आरंभी सहावीतील सरासरी विद्यार्थी गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होता. पाठ्यपुस्तक सहावीचे, पाया तिसरीचा. मग वर्गात बसूनही मूल शिकणार तरी कसे? आज्ञावलीने प्रत्येकाची खरी पातळी शोधून तेथून सुरुवात केली. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ दिसली.

महाराष्ट्रातील एक उदाहरण हेच वेगळ्या रीतीने सांगते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेत जोडले. पुढे ही कल्पना राज्याच्या पुस्तकांत आली. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. पण संकेत छापण्याआधी त्यांनी मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखले, ती भाषा शिकली आणि मजकूर तीत नेला. चौकोनी खुणेपेक्षा हे काम अवघड होते.

या साऱ्या इतिहासातून एकच सूत्र हाती येते. मुलाच्या पातळीवर आणि भाषेत उतरणारे, शिक्षकाच्या तासात भर घालणारे यंत्र उपयोगी पडते. शिक्षकाला हटवून बसविलेले यंत्र नुकसान करते. आणि खोलीत कुलूपबंद ठेवलेले यंत्र काहीच करीत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. टकळीवर सूत मुलालाच कातावे लागे. हे नवे साधन मात्र मुलासाठी सूतही कातून देते, आणि मुलाने केवळ तयार उत्तर वहीत उतरवले तर १९०४ च्या ठरावातील पाठांतराचा दोष नव्या वेषात परत येईल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेत नवे यंत्र येईल तेव्हा त्याची किंमत विचारू नका. विचार करण्याचे काम कोणाकडे राहिले आहे, एवढे तपासून पाहा.